केस पुसायची टोपी: दीडशेची घ्यावी की नऊशेची? सांगलीच्या पावसाळ्यातल्या नोंदी

१४ जून २०२५

घरात तीन डोकी आणि तिन्हींचे केस तीन तऱ्हेचे. लेकीचे कंबरेपर्यंत, दाट. माझे खांद्याखाली, कुरळे. सासूबाईंचे पांढरे, विरळ, छोटा अंबाडा बसेल एवढेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांगलीत केस धुणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. हवेतच पाणी असतं, केसातलं जाणार कुठे? लेक ओल्या केसांची वेणी घालून कॉलेजला पळते आणि संध्याकाळी वेणी सोडली की कुबट वास येतो.

म्हणून यंदा बटण-लूपच्या टोप्या आणल्या: ओले केस आत घालून पीळ द्यायचा आणि शेपटीच्या टोकाचं लूप मानेमागच्या बटणात अडकवायचं. मारुती रोडवरून १४९ रुपयांची एक आणि ३९९ ची एक. ऑनलाइन ८९९ ची एक. तिन्ही 'मायक्रोफायबर'च, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्याच्या. घरातलं जुनं सामान म्हणजे सोलापुरी टर्किश टॉवेल आणि राजापुरी पंचा, तेही चाचणीत घेतले. नुसतं 'छान वाटतं' यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं, असं ठरलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी घेतला. काट्याचे साडेतीनशे रुपये या खर्चात धरत नाही, तो चकल्यांच्या पिठालाही लागणार आहे.

कोरडी वजनं: टर्किश टॉवेल ४३० ग्रॅम, पंचा १४५, १४९ ची टोपी ६२, ३९९ ची ९६, ८९९ ची १२४. हे आकडे लिहितानाच अर्धं गणित दिसायला लागलं. स्वस्त टोपीत कापडच निम्मं आहे. लांबीलाही ती ६२ सेंटीमीटर भरली, ८९९ ची ७४.

१७ जून

रीत अशी: टोपी कोरडी तोलायची, केस धुऊन गुंडाळायची, पंधरा मिनिटांनी काढून परत तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे केसातून निघालेलं पाणी.

पहिले आकडे फेकून दिले. एकाच टोपीने एकदा ४० ग्रॅम पाणी घेतलं, एकदा ९५. कारण टोपीत नव्हतं. लेक कधी केस पिळून यायची, कधी घाईत निथळतेच घेऊन यायची. आता नियम केलाय: डोकं खाली करून मुळापासून टोकापर्यंत तीनदा हाताने निपटायचं, मगच टोपी. कोणी ही मोजमापं करणार असाल तर आधी हा नियम ठरवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

२४ जून

लेकीच्या केसांवर पंधरा मिनिटांत निघालेलं पाणी, ठोकळमानाने:

टर्किश टॉवेल १४० ग्रॅम, पंचा १०५, ८९९ ची टोपी १३२, ३९९ ची ११८, १४९ ची ५८.

टर्किश टॉवेलचा आकडा सगळ्यात मोठा आहे, पण तो डोक्यावर ठेवून काही काम होत नाही. जवळपास अर्धा किलो टॉवेल, त्यात पाणी. लेक जरा वाकून मोबाइल शोधायला गेली की घसरलाच. सोलापूरच्या टॉवेलांना भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखं दुसरं नाही, हे कबूल. मानेला मात्र तो जड जातो.

पंच्याने मात्र चाट पाडलं. वापरून वापरून मऊ झालेला, कडेला धागे सुटलेला पंचा, ज्याची किंमत आता कुणाला आठवतही नाही, त्याने १४९ च्या टोपीला जवळपास दुपटीने मागे टाकलं. सासूबाई बाजूला बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मी काय सांगत होते?" प्रत्यक्षात काहीच सांगत नव्हत्या, पण ऐकून घेतलं.

२९ जून

१४९ वाली पाणी का घेत नाही ते शोधलं. कोऱ्या टोपीवर चमच्याने पाण्याचा थेंब टाकला. थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा वर गोल बसून राहिला. ८९९ वालीवर टाकला तर टेकताक्षणी पसरून आत गेला.

नव्या कापडाला दुकानात मऊ-मऊ लागावं म्हणून वरून थर दिलेला असतो, तो पाणी अडवतो. साध्या पावडरीने कोमट पाण्यात दोनतीन धुण्या काढल्या. मग तीच टोपी ७४ ग्रॅमपर्यंत आली. त्यापुढे मात्र ढिम्म. लेबलावर 'शंभर टक्के पॉलिस्टर' लिहिलंय. ३९९ आणि ८९९ च्या लेबलांवर पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) असं मिश्रण आहे, ८०-२० चं. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, पाणी धरतात त्या धाग्यांमधल्या बारीक फटी. मिश्र धागा कारखान्यात चिरून आणखी बारीक करतात, म्हणून फटी वाढतात. हाताने ओळखायची खूण: कोरड्या, जरा खरखरीत बोटांनी चांगलं कापड कुरवाळलं की ते बोटांना चिकटल्यासारखं ओढतं. स्वस्तातलं नुसतं गुळगुळीत सरकतं. भांडी घासून झाल्यावरचे हात यासाठी उत्तम.

३ जुलै

आता सासूबाईंचे केस. त्या आठवड्यातून एकदा न्हातात आणि ओलं डोकं राहिलं की सर्दी होते म्हणून दिवसभर कुरकुरतात.

१४९ ची (धुतलेली): ३१ ग्रॅम. ८९९ ची: ३३ ग्रॅम.

फरक काट्याच्या चुकीत जाईल एवढाच. त्यांच्या केसांत मुळात तेवढंच पाणी असतं, साडेसातशे रुपये जास्त टाकून काढणार काय? शिवाय ८९९ वाली त्यांना जड झाली. "डोक्यावर घागर ठेवल्यासारखं वाटतंय गं, काढ ती," असं म्हणून त्यांनी स्वतःच लूप ओढून सोडलं. विरळ किंवा आखूड केसांना महाग टोपी घेऊ नये, हा निकाल माझ्यापुरता इथेच लागला. आता प्रश्न फक्त दाट केसांचा.

११ जुलै

१४९ ची टोपी फाटली. बटण कापडासकट निघालं.

मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे फाटलेली वस्तू दिसली की आधी उसवून बघते. आत जे दिसलं ते लिहून ठेवते, कारण खरी काटकसर इथेच केलेली असते. बटण एकाच पदरावर, मागे आधार नाही, चार टाके मारून सोडलेलं. ताणल्या जाणाऱ्या कापडावर असं बटण टिकणारच नाही, ते भोक पाडूनच बाहेर येतं. शेपटीकडचं लूप म्हणजे पातळ चपटं इलॅस्टिक, ओव्हरलॉकच्या टाक्यांत जेमतेम चिमटलेलं. एक बाजू आधीच सुटत आली होती. शिवणीला दाब म्हणून दुसरी टीप कुठेच नाही.

मग ८९९ वालीही आतून बाहेर करून बघितली (लेक ओरडली). बटणामागे कापडाचा चौकोनी तुकडा आहे, लूप दोन्ही बाजूंनी आत एकेक इंच घेऊन आडव्या-उभ्या टिपेने पक्कं केलंय, कडेला पट्टी आहे. काम चोख. पण हे काम माझ्या मशीनवर वीस मिनिटांचं आहे.

त्यावरून माझं मत बनलं: टोपी घेताना शिलाईसाठी पैसे मोजायचे नाहीत, कापडासाठी मोजायचे. शिलाई घरी सुधारता येते, ढिम्म पॉलिस्टरला काही करता येत नाही. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनी गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईकडे न्यावी. वीसतीस रुपयांच्या वर कोणी घेणार नाही.

१२ जुलै

१४९ वालीची दुरुस्ती. खर्च: ८ मिलिमीटरचं बटण जुन्या डब्यातलं, अस्तराचा तुकडा कतरणीतला, गोल इलॅस्टिक अर्धा मीटर ६ रुपये.

मशीन टाके चुकवायला लागली. नेहमीची ब्लाऊजची ११ नंबरची सुई या लवदार, ताणाच्या कापडात टाका पकडत नाही. १४ नंबर घातली, तरी मध्येच सुटायचं. शेवटी होजियरीच्या कपड्यांसाठी मिळते ती बोथट टोकाची सुई लावली आणि गाडं सुरळीत झालं. दुसरी अडचण म्हणजे कापड मशीनच्या दातांखाली ताणलं जाऊन शिवण लाटांसारखी येत होती. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून कागदासकट टीप मारली, नंतर कागद फाडून काढला. शिवण सरळ.

बटण: आतून अस्तराचा दुहेरी तुकडा, त्यावरून बटण, दोऱ्याला मान ठेवून, म्हणजे बटण आणि कापड यांच्यात दोरा जरा मोकळा सोडून.

२० जुलै

धुण्याने वाट लावली ती महागड्या टोपीची. लेकीने मशीनमध्ये पंचे, टर्किश टॉवेल आणि ८९९ ची टोपी एकत्र टाकली, वर कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड ओतलं. टोपी बाहेर आली ती सुती लव अंगभर घेऊन. पुढच्या वेळी तोललं तर १३२ ची ९१ ग्रॅम!

ते सुगंधी लिक्विड धाग्यांवर थर धरतं आणि ज्या फटींत पाणी शिरायचं त्याच बुजतात. म्हणजे नऊशे रुपयांचं कापड एका झाकणभर लिक्विडने दीडशेच्या पंगतीला येऊन बसलं. कोमट पाणी, साधी पावडर, नंतर भरपूर खळबळणं, असं परत परत केल्यावर १२५ पर्यंत आली. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यात साबणही नीट निघत नाही. म्हणून शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात. लव चिकटपट्टीने काढली, त्यात अख्खी दुपार गेली.

तेलाचंही असंच. शनिवारी रात्री खोबरेल लावलेले केस रविवारी एकदाच शाम्पू लावून धुतले की उरलेलं तेल टोपीत जातं. पॉलिस्टर तेल घट्ट धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट वास सुरू. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात टाकून अर्धा तास भिजवलं की जातो. पंच्याला ही कटकट नाही, त्याला उकळत्या पाण्यात टाकलं तरी चालतं. टोपीला उकळतं पाणी आणि कडक इस्त्री दोन्ही वर्ज्य.

२ ऑगस्ट

माझ्या केसांबद्दल थोडक्यात. कुरळ्या केसांवर टर्किश टॉवेल खसाखसा घासला की केस पिंजारतात. ओला केस ताणला जातो, घासला जातो आणि मग तुटतो. कुठल्याही टोपीत घासणं नाही, नुसतं गुंडाळणं, त्यामुळे तिन्हींनी फायदा दिसला. मला ३९९ ची पुरते.

पण टोपी तासभर ठेवून दिली तर काही जास्त पाणी निघत नाही. पंधरा मिनिटांनी तोलली आणि पाऊण तासाने तोलली, फरक ६ ग्रॅम. पाणी शोषायचं तेवढं आधीच शोषलेलं असतं. उलट डोक्याशी ओलं आणि गरम असं कोंडून राहतं. पंधरावीस मिनिटांत काढायची आणि केस मोकळे सोडायचे.

९ ऑगस्ट

स्वतः शिवायची ठरवली. कंबरेपर्यंतच्या केसांना ८९९ चीही आखूड पडते, शेपटीतून टोकं बाहेर येतात आणि ब्लाऊज भिजवतात.

पहिला प्रयोग जुन्या टर्किश टॉवेलचा, कडा विरलेल्या पण मधला भाग शाबूत. फुकटचं कापड म्हणून हुरूप आला होता. दोन पदर जोडल्यावर शिवण इतकी जाड झाली की मशीनची सुई तुटली. हाताने पुरी केली, वजन २१० ग्रॅम. गुंडाळीला पीळच बसेना. बाद. आता ती सायकल पुसायला आहे.

दुसरा प्रयोग पंच्याचा, दुहेरी. पाणी छान घेतलं, पण सुती कापडाला ताण नसतो त्यामुळे डोक्याला घट्ट बसत नाही. मागच्या बाजूला चुण्या घालून इलॅस्टिक टाकलं तर बरंच जमलं. सासूबाईंनी ती उचलली आणि परत दिलेली नाही.

१६ ऑगस्ट

तिसऱ्या प्रयोगाचं कापड भलतीकडे मिळालं. नवऱ्याने गाडी पुसायला आणलेलं मायक्रोफायबर कापड पडलं होतं. मी त्यावर पाण्याचा थेंब टाकला, गट्ट. बोटांना ओढतंही. लेबलावर तेच ८०-२०. म्हणजे ८९९ च्या टोपीत जे कापड आहे त्याच जातीचं कापड गाड्यांच्या सामानाच्या दुकानात फडकं म्हणून विकलं जातंय.

विश्रामबागच्या बाजूला अशी दुकानं आहेत, तिथून ६० बाय ९० सेंटीमीटरचं एक कापड २२० रुपयांना आणलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कोणती गाडी?" काय सांगणार.

घेताना बघायचं: फार जाड, लांब लवेचं कापड नको. ते पाणी खूप घेतं पण जड होतं आणि केसांची कोरडी, फाटे फुटलेली टोकं त्यात अडकतात. मध्यम, आखूड लवेचं, चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपासचं घ्यावं. गडद रंग पहिल्या दोन धुण्यांत सुटतो, फिका घेतला.

बेतणं: लांबी ८५, रुंद टोक २८, निमुळतं टोक १० सेंटीमीटर. असे दोन तुकडे एका कापडात शेजारी-शेजारी बसतात. दोन्ही तुकडे उलटे ठेवून लांब बाजूंना टीप, वरून दाबटीप, रुंद तोंड मोकळं ठेवून दुमड. बटण रुंद टोकाला, मानेमागे येईल तिथे. लूप शेपटीच्या टोकाला. घालताना ओणवं व्हायचं, बटण मानेशी, केस पुढे टोपीत, पीळ घालून शेपटी मागे टाकायची आणि लूप बटणात.

वजन १२९ ग्रॅम. लेकीच्या केसातून १३५ ग्रॅम पाणी. एकूण खर्च २३५ रुपये आणि दीड तास. शेपटीतून टोकं बाहेर नाहीत.

२३ ऑगस्ट

बटणाची तक्रार. लेक टोपी घालून पलंगावर आडवी झाली की प्लॅस्टिकचं कडक बटण मानेत रुततं. ८९९ वालीचंही तेच. ब्लाऊजला लावतो ती कापडी बटणं कापड पेठेत ५ रुपयांना एक मिळतात, ती सगळ्या टोप्यांना बदलून टाकली. लूपही जरा सैल केलं, नाहीतर कपाळावर वळ उठतो.

३१ ऑगस्ट, गौरी आवाहन

घरात नणंद, जाऊ, दोघींच्या मुली. सगळ्या सकाळीच न्हायलेल्या, बाहेर पावसाची भुरभुर, आणि गौरी आणायच्या आधी सगळ्यांना वेण्या घालून, गजरे माळून तयार व्हायचंय. केसांच्या ड्रायरवर रांग. अशा दिवशी एकटी नऊशेची टोपी काय कामाची? मी दुरुस्त केलेली १४९ ची, तशाच आणखी दोन आणून आधीच बटणं पक्की केलेल्या, पंच्याची, शिवलेली, सगळ्या डोक्यांवर चढल्या. पहिली काढली की पंचा, असं दोन टप्प्यांत केलं. पहिल्या टोपीने मोठं पाणी घेतलं की उरलेलं पंच्याने पटकन निघतं. लेकीच्या केसांवर स्वस्त टोपी आणि मग पंचा मिळून ११२ ग्रॅम निघालं. म्हणजे ३९९ च्या टोपीपेक्षा किंचित कमी, आणि पंचा तर घरचाच.

नणंदेने आपली १,२५० रुपयांची आणली होती, आतून साटीनचं अस्तर असलेली. हातात घेतली तर फारच देखणी. "वन्सं, जरा तोलू का?" विचारलं, त्यांनी हसत दिली. केसातून निघालेलं पाणी ६१ ग्रॅम. साटीन केसांना घासत नाही, खरं आहे, पण पाण्याला बाहेरच्या कापडापर्यंत जाऊही देत नाही. ही रात्री झोपताना कोरड्या केसांवर घालायची वस्तू आहे, ओल्या केसांवर नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे तू मला दोन दिवसांनी सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

१४ सप्टेंबर

शेजारच्या काकू आणि लेकीच्या मैत्रिणी यांच्यासाठी शिवायला घेतल्या. कापड त्यांनी आणायचं, शिलाई ८० रुपये. दोघींनी कापड आणलं ते १०० टक्के पॉलिस्टरचं, दुकानदाराने 'एकच असतं सगळं' म्हणून दिलेलं. परत पाठवलं. दुकानातच थेंब टाकून बघायला सांगितलंय. दुकानदार नाही म्हणाला तर ओलं बोट टेकवायचं. बोटाचा ओलावा पुसला गेला तर घ्यायचं.

आलेल्या प्रत्येकीला विचारते ते आधी केस किती. खांद्याच्या वर असतील तर शिवायच्या भानगडीत पडू नका, दीडशेची घ्या, तीन धुण्या काढा, बटण पक्कं करून घ्या. खांद्याखाली असतील आणि शिवायचं नसेल तर चारशेच्या आसपासची, लेबल वाचून. नऊशेची मी तरी पुन्हा घेणार नाही. चारशेच्या आणि तिच्यातला फरक १४ ग्रॅमचा, आणि तो मुख्यतः ती लांब आहे म्हणून.

२१ सप्टेंबर

१४९ वालीची शिवण कुठेच उसवलेली नाही, पण कापडाची लव बसत चालली आहे. पुन्हा तोलली, ६६ ग्रॅम. ८९९ ची १२६ वर टिकून आहे. पुढच्या जूनमध्ये दोन्ही परत तोलेन.

जावेच्या मुलीची टोपी ७५ सेंटीमीटरची बेतली आहे, तिला ८५ मोठी होते. उरलेल्या कापडाच्या पट्ट्या फेकल्या नाहीत, बटणामागचे आधार त्यातूनच कापतेय. गोल इलॅस्टिक संपलंय, कापड पेठेतून चार मीटर एकदम आणायचं, चपटं घ्यायचं नाही.